चाकांवरून पारखलेले देश

चाककाकांनी आपल्या शहराबाहेर पाऊल टाकले ते एका लग्नापुरते. तेथूनही ते त्याच दिवशी परतले, कारण परक्या गादीवर त्यांना झोप येत नसे. असे असूनही आशिया खंडातील कोणता देश पाहण्याजोगा, कोणता राहण्याजोगा आणि कोणत्या देशाकडे ढुंकूनही पाहू नये, याविषयी त्यांचा शब्द त्या भागात अखेरचा मानला जात असे. हा अधिकार त्यांना कोणी बहाल केला नव्हता. प्रवासी बॅगांची दुरुस्ती करता करता तो त्यांनी स्वतःच घेतला होता, आणि लोकांनी तो काढून घेण्याची तसदी घेतली नव्हती.

औषधांचे दुकान आणि झेरॉक्सचे दुकान यांच्यामध्ये जी फट उरली होती, तिलाच काकांचे दुकान म्हणत. त्या फटीत एक शिलाई मशीन, एक लाकडी ठोकळा, दाभण, आरी, मेण लावलेला दोरा आणि काका एवढे सर्व मावत असे. गिऱ्हाईक मावत नसे, म्हणून ते पायरीवर उभे राहत असे. पाठीमागच्या फळीवर पत्र्याच्या डब्यांतून निरनिराळ्या मापांची नवी चाके आणि देशवार वेगळी काढलेली मोडकी चाके भरलेली होती. या चाकांमुळेच त्यांना चाककाका हे नाव पडले होते, आणि त्यांचे खरे नाव त्यांच्या पत्नीखेरीज कोणाच्या लक्षात राहिले असेल, असे वाटत नाही.

काकांची परीक्षा घेण्याची पद्धत ठरलेली होती. परदेशातून परतलेली बॅग समोर आली, की ते प्रथम तिला जुन्या वर्तमानपत्रावर उलटी निजवीत. हातोडीच्या दांड्याने चाकांजवळ हलकेच ठोकून आवाज ऐकत. चेनच्या दातांमध्ये अडकलेली धूळ तळहातावर झाडून उजेडात पाहत. शेवटी झाकण उघडून अस्तराचा वास घेत. इतके झाले, की त्यांना त्या देशाविषयी जे जाणून घ्यायचे असे ते सर्व कळलेले असे. देशाचे नाव मुठीवरच्या चिठ्ठीवर असे; बॅगेच्या मालकाला मात्र ते प्रवासाविषयी एक अक्षरही विचारीत नसत.

"परत आलेला माणूस खरं सांगतो का कधी?" असे ते म्हणत. "इतका खर्च करून आलेला असतो. मजा नाही आली असं कोणत्या तोंडाने सांगेल? चाकाचं तसं नसतं. चाकाला कोणाकडे मिरवायचं नसतं."

हे बोलणे ऐकणाऱ्याला लगेच पटत असे. वास्तविक पाहता, पटण्याजोगे बोलणे आणि खरे बोलणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु पायरीवर उन्हात उभ्या असलेल्या माणसाला तेवढा फरक करण्याची सवड नसते.

एकदा बँकेत नोकरी करणारे एक गृहस्थ आले. त्यांच्या हातात बॅग नव्हती. ते केवळ सल्ला घेण्यासाठी आले होते.

"काका, मुलगा म्हणतो जपान. ही म्हणते सिंगापूर. घरात दोन तट पडलेत. तुम्हीच काय ते सांगा."

काकांनी दाभणातला दोरा ओढून गाठ मारली आणि मगच मान वर केली. "जपानहून आलेली चाकं झिजलेली असतात, पण सगळी सारखी झिजलेली. म्हणजे जमीन सपाट आहे, मात्र चालावं फार लागतं. तुमचे गुडघे कसे आहेत?"

"एक बरा आहे."

"मग जपान नको. अर्धाच बघून परत याल."

"आणि सिंगापूर?"

"त्या बॅगेची चाकं शाबूत असतात, चेन उसवते. म्हणजे माणूस नेतो एक आणि आणतो दोन. घरात जागा आहे?"

"पलंगाखाली थोडी आहे."

"तर जा. पण वहिनींना घरी ठेवून जा."

ते गृहस्थ त्या वर्षी कोठेही गेले नाहीत. पुढे भेटेल त्याला ते सांगत असत, की काकांनी आम्हाला थोडक्यात वाचवले. कशापासून वाचवले, हे त्यांना कोणी विचारले नाही.

नेपाळविषयी काकांचे मत असे होते, की तेथे माणूस बॅग ओढत नाही, बॅगच माणसाला ओढते. श्रीलंकेहून आलेल्या बॅगेच्या अस्तराला ओलसर वास येतो, म्हणून सांधे दुखणाऱ्याने तेथे घर करू नये. थायलंडच्या बॅगेच्या चेनमधून वाळू निघते. अर्थात तेथे समुद्र पाहावा आणि पाय झटकून परत यावे. मलेशियाचे नाव निघाले, की काका काही बोलत नसत. फळीवरचा सर्वांत मोठा डबा ते फक्त खाली काढत आणि हलवून दाखवीत. डबा खडखडला, की समोरचा माणूस समजून जाई.

दुकानाच्या वरच्याच मजल्यावर सहलींचे कार्यालय होते. त्याचे मालक सहलवाले या नावाने ओळखले जात. काकांना ते पाण्यात पाहत असत, आणि त्यांच्या बाजूने विचार केल्यास त्यात गैर काही नव्हते.

"अहो काका, माणूस माझ्या जिन्याकडे यायला निघतो आणि तुम्ही त्याला खालच्या खाली परत पाठवता," असे ते जिन्याच्या कठड्यावरून वाकून म्हणत. "माझ्या पोटावर पाय का देता?"

"मी कुठे पाठवतो? चाक पाठवतं."

"मग त्या चाकालाच सांगा माझं भाडं भरायला."

काकांची कीर्ती कळसाला पोहोचली ती निवृत्त मुख्याध्यापकांमुळे. या सरांनी शाळेत जन्मभर भूगोल शिकविला होता आणि आता पत्नीसह एखादा देश प्रत्यक्ष पाहण्याचा त्यांनी चंग बांधला होता. गल्लीतला रस्ता पाण्याच्या नळासाठी खोदून ठेवलेला होता. तो कधी खोदला, हे निश्चित सांगता येत नसे. ज्यांनी खोदला ते कर्मचारी आता निवृत्त होऊन नातवंडे खेळवीत असतील, असे औषधवाले म्हणत. त्या खड्ड्यांतून वाट काढीत सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे वहिनी, पायरीपर्यंत आले.

"सर्वांत उत्तम रस्ते कोणत्या देशात असावेत, असा तुमचा अनुभव आहे?" सरांनी विचारले.

काकांनी डोळे मिटून सर्व डबे मनातल्या मनात चाळले. मग डोळे उघडून म्हणाले, "मंगोलिया."

"मंगोलिया?"

"सर, आजवर मंगोलियाची एकसुद्धा मोडकी बॅग माझ्याकडे आलेली नाही. चाक नाही, दांडा नाही, साधी चेनसुद्धा नाही."

सरांनी मान डोलावली. "पुरावा बिनतोड आहे."

"पण तिकडे आपल्या भागातून कोणी जातच नसेल तर?" वहिनींनी शंका काढली.

"वहिनी, एवढा मोठा देश आहे," काका समजुतीच्या सुरात म्हणाले. "कोणीच जात नाही, असं कसं होईल?"

वहिनी गप्प बसल्या. भूगोलाच्या शिक्षकाशी संसार केलेला असल्यामुळे गप्प बसण्याचा सराव त्यांना होता. सहलवाल्यांनी ही मागणी ऐकून प्रथम डोक्याला हात लावला, नंतर नकाशा शोधला, आणि अखेर कोठून कोठून विमाने जुळवून त्या दोघांना रवाना केले. जाण्यापूर्वी काकांनी सरांच्या बॅगेला नवी चाके बसविली आणि तिच्या मुठीला एक पट्टी अडकविली. त्या पट्टीवर, हरवल्यास संपर्क करावा म्हणून, आपल्या दुकानाचाच पत्ता होता. हे ते प्रत्येक बॅगेला करीत असत. त्यात जाहिरातही होत असे.

याच सुमारास काकांच्या घरात एक प्रश्न उभा राहिला.

काकांना दोन मुली होत्या. थोरली लग्न होऊन पलीकडच्या वस्तीत राहत असे. धाकटी एका रुग्णालयात डायलिसिस विभागात तंत्रज्ञ होती. ज्यांची मूत्रपिंडे थकली आहेत अशा रुग्णांना यंत्राला जोडणे आणि रक्त शुद्ध होईपर्यंत त्यांच्याजवळ थांबणे, हे तिचे काम. ती ते मन लावून करीत असे. तरीही रुग्णालयाने तिला वर्षानुवर्षे तात्पुरती ठरवून ठेवले होते, आणि तिने ज्यांना काम शिकविले ते तिच्या डोळ्यांदेखत कायम झाले होते.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "बाबा, एका मोठ्या रुग्णालयानं मला बोलावलंय. कायमची जागा आहे. राहायला खोली देणार आहेत. नवीन यंत्रं आहेत, पुढचं प्रशिक्षणही देतील."

"चांगलं झालं की. कुठलं रुग्णालय?"

"मलेशियातलं."

काकांनी हातातला घास ताटात परत ठेवला. "त्या देशाचं नाव या घरात काढायचं नाही."

"अहो, तिनं काय गुन्हा केलाय?" काकू म्हणाल्या.

"तुला माहीत नाही. माझ्या दुकानात सगळ्यात जास्त चाकं कुठली असतील तर तिथली. मुळापासून उपटलेली. बॅगांची कवचं तडकलेली. एक बॅग धड आलेली नाही त्या देशातून. जिथे वस्तूचे असे हाल, तिथे माझ्या मुलीचे काय होतील?"

"तिला कोणी दांड्याला धरून ओढत नेणार नाहीये."

"थट्टा करू नकोस."

"मी कुठे केली? तुम्ही करताय."

धाकटी शांतपणे जेवत होती. ताट संपल्यावर ती पाणी प्यायली आणि मग बोलली. "बाबा, मी भांडणार नाही. तुमच्या मनाविरुद्ध जाणारही नाही. तसं गेले तर तिथे कामात लक्ष लागायचं नाही माझं. पण शुक्रवारी दुपारपर्यंत कळवायचं आहे. तुम्ही हो म्हणालात तर हो कळवेन, नाहीतर नाही. नंतर ही जागा दुसऱ्या कोणाला देतील."

"मी विचार करतो," काका म्हणाले.

विचार करण्याची त्यांची रीत अशी, की दुसऱ्या दिवशी त्यांनी मलेशियाचा डबा घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवला. कोणी जवळून गेले, की ते काही न बोलता त्यातले एखादे चाक बाहेर काढून ठेवीत. काकूंनी एकदा तो डबा उचलून बादलीत ठेवला. संध्याकाळी तो पुन्हा टेबलावर होता.

बुधवारी दुकानात एक गोष्ट घडली आणि काकांच्या अंगात बळ आले. विमानतळावरून आलेल्या माणसाने सरांची बॅग आणून पायरीवर ठेवली, सही घेतली आणि तो निघून गेला. काकांनी ती उलटी केली. चाकांवर एक ओरखडा नव्हता. चेनमध्ये धुळीचा कण नव्हता. अस्तराला अजून काकांनीच लावलेल्या मेणाचा वास येत होता. सरांनी आल्या आल्या बॅग तपासणीसाठी पुढे पाठविली, असा त्यांनी अर्थ लावला. त्यांनी ती एका स्टुलावर उभी केली, पुसली, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यांना दिसेल अशी ठेवली.

"कुठली ही?" झेरॉक्सवाल्याने विचारले.

"मंगोलिया," काका म्हणाले. त्या एका शब्दात जो अभिमान होता, तो पाहून झेरॉक्सवाल्याला वाटले, की काका तेथलेच असावेत.

गुरुवारी धाकटीला सुट्टी होती, म्हणून वडिलांचा जेवणाचा डबा घेऊन ती स्वतः आली. काकांनी तिला स्टुलाजवळ उभे केले.

"हात फिरव चाकावरून. फिरव. जाऊन आलेलं वाटतंय का? याला म्हणतात देश. परदेशातच जायचं असेल तर माझी ना नाही. मंगोलियात बघ कुठे जागा आहे का."

"बाबा, सर कुठे आहेत?"

"दमून झोपले असतील घरी."

तेवढ्यात खड्ड्यांतून तोल सावरीत सरांच्या पत्नी येताना दिसल्या. उन्हाने पारा चढलेला असूनही त्यांच्या अंगात घोट्यापर्यंत पोहोचणारा जाड लोकरी कोट होता. पायरीवर येऊन त्यांनी स्टुलाकडे पाहिले आणि बराच वेळ त्या पाहतच राहिल्या.

"ही इथे आहे होय," त्या म्हणाल्या.

"एकदम फुलासारखी परत आली आहे, वहिनी."

"परत यायला आधी जावं लागतं, भावोजी. ती गेलीच नव्हती. मधल्या विमानतळावर राहिली. आम्ही तिथे नेसत्या कपड्यांनिशी उतरलो. हा कोट एका घरातल्या आजीबाईंनी स्वतःच्या अंगातून काढून दिला. सर अजून त्यांच्या मुलाच्या पायजम्यात आहेत."

धाकटीने ओठ घट्ट मिटून घेतले आणि ती डब्याची कडी पुन्हा पुन्हा लावू लागली.

"आणि तिथले रस्ते?" काकांनी हळूच विचारले.

"रस्ते," वहिनी म्हणाल्या, आणि त्यांनी उसासा टाकला. "आम्ही ज्यावरून गेलो तो रस्ता आहे असं गाडीवान म्हणत होता. आम्ही त्याच्या शब्दावर विश्वास ठेवला. पण एक सांगते, इतकी माया मला माझ्या सासरी मिळाली नाही."

एवढे बोलून त्यांनी बॅग उचलली आणि त्या निघून गेल्या. दुसरा एखादा माणूस असता, तर त्याने तेथेच आपल्या मताला रजा दिली असती. परंतु ज्या मतावर आपला मान उभा आहे ते मत सोडणे, हे दात काढण्याइतके सोपे नसते. काकांनी मेणाचा दोरा उगाच दोनदा ताणून पाहिला.

"एक बॅग मध्ये राहिली, म्हणून बाकीच्या सगळ्या चाकांची साक्ष खोटी ठरत नाही," ते म्हणाले.

"मी काही म्हणाले का?"

"तुझा चेहरा म्हणतोय."

"उद्या दुपारी कळवायचं आहे, बाबा," धाकटी म्हणाली. "माझं उत्तर नाही असं धरू ना?"

काकांनी डबा उघडून जेवायला सुरुवात केली. ती थोडा वेळ थांबली आणि रिकामी पिशवी घडी घालून परत गेली.

त्या संध्याकाळी काकूंनी दिवाणावरची चादर झटकता झटकता म्हटले, "पोरगी गेली की घर रिकामं होईल, याची भीती वाटते असं सरळ सांगावं माणसानं. त्या चाकांच्या आड लपायचं वय आहे का हे?" काका भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. त्यांनी घोरण्याचा आवाज काढला, परंतु तो कोणालाच पटला नाही.

शुक्रवारी सकाळी पहिले गिऱ्हाईक म्हणून पाळणाघर चालविणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या बॅगेचे एक चाक नाहीसे झालेले होते.

"कुठून आलात?" असे काका विचारीत नसत, परंतु मुठीवर सहलवाल्यांची नारिंगी चिठ्ठी लटकत होती आणि तिच्यावर मलेशिया असे छापलेले होते. काकांचा चेहरा उजळला. आज त्यांना साक्षीदाराची फार गरज होती. त्यांनी बॅग वर्तमानपत्रावर उलटी केली, चेन झाडली आणि तळहातावर चिमूटभर वाळू जमा झाली. ते थबकले.

"थायलंडलाही गेला होतात?"

"नाही हो. फक्त मलेशिया."

"मग ही वाळू कुठली?"

"ती होय," बाई हसून म्हणाल्या, "ती तुमचीच. त्या ढिगाऱ्यातली." त्यांनी नळाच्या कामासाठी आणून टाकलेल्या आणि तशाच राहिलेल्या वाळूकडे बोट दाखविले. "बस चौकात सोडते ना, गल्लीत शिरत नाही. तिथून ओढत आणताना बॅग कलंडली आणि ढिगाऱ्यात गेली."

काकांनी तळहातावरची वाळू पाहिली, नंतर ढिगारा पाहिला. दोन्हींचा रंग एकच होता. आयुष्यात प्रथमच त्यांनी चाकाविषयी बॅगेच्या मालकाला प्रश्न विचारला.

"चाक कुठे मोडलं?"

"ते काय, औषधवाल्यांच्या समोरच्या खड्ड्यात. मलेशियात तर विमानतळापासून हॉटेलपर्यंत एका बोटाने ढकलत नेली मी. इथे पोहोचले आणि मोडली. चाक अजून त्या खड्ड्यातच असेल बघा."

काका पायरी उतरले, औषधवाल्यांच्या दुकानासमोर गेले आणि गुडघ्यांवर हात ठेवून खड्ड्यात वाकले. बाईंचे चाक तेथे होते. त्याच्याशेजारी आणखी एक होते. त्याच्याखाली, गाळात अर्धे रुतलेले, तिसरे होते. काळी, करडी, एक निळेसुद्धा. आशिया खंडातील देशांमध्ये जे काय मोडले होते असे काका समजत होते, ते सर्व त्या एका खड्ड्यात सुखाने नांदत होते.

"काका, काय पडलं?" औषधवाल्यांनी विचारले.

"काही नाही," काका म्हणाले. मग त्यांनी मान वर करून कठड्याकडे पाहिले. "अहो सहलवाले, तुमची मलेशियाची मंडळी कुठे उतरतात?"

"चौकात. का?"

"आणि जपानची? सिंगापूरची?"

"ते जास्त पैसे भरतात. त्यांना गाडीने घराच्या दारात सोडतो. पलीकडच्या मोठ्या इमारतींतलेच असतात सगळे. आज एकदम चौकशी का?"

पाळणाघराच्या बाईंना दुपारनंतर येण्यास सांगून काकांनी दुकानाची फळी लावली. भर दिवसा ती फळी लागलेली पाहून झेरॉक्सवाल्याला काळजी वाटली, आणि त्याने औषधवाल्यांना काकांची प्रकृती कशी आहे ते विचारले.

रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाबाहेर काकांना चपला काढावयास लावल्या आणि एका बाकावर बसविले. काचेच्या दारातून त्यांना धाकटी दिसत होती. एका वृद्ध गृहस्थांच्या हाताला लावलेली नळी ती तपासत होती, आणि ते गृहस्थ तिला काहीतरी सांगून हसत होते. काही वेळाने तोंडावरची पट्टी खाली करीत ती बाहेर आली.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"बरी आहे. कळवलंस का तू?"

"लिहून ठेवलंय. हे झालं की पाठवते."

"काय लिहिलंयस?"

"नाही म्हणून."

"ते खोड," काका म्हणाले. "हो लिही."

काकांनी घसा साफ केला आणि सभेत बोलावे तसे ते बोलू लागले. "नवीन पुरावा समोर आला आहे. त्यामुळे पूर्वीच्या निर्णयाचा फेरविचार करणं भाग पडलं."

"कुठून आला पुरावा?"

"खड्ड्यातून."

मग त्यांनी सर्व सांगितले. खड्ड्यातली चाके सांगितली, चौकात थांबणारी बस सांगितली. थायलंडची वाळू सांगताना त्यांनी नजर फरशीकडे वळविली. धाकटीने हसू आवरण्यासाठी पट्टी पुन्हा तोंडावर ओढून घेतली, परंतु तिचे खांदे हलत होते.

"म्हणजे बाबा, तुमच्या पद्धतीनं बघितलं तर राहायला सगळ्यात वाईट जागा कोणती ठरते?"

"ते आत्ताच बोललं पाहिजे असं नाही."

"नाही, मी आपलं विचारलं."

काका बाकाच्या कडेवरून बोट फिरवीत राहिले. "तो देश कसा आहे ते मला माहीत नाही," ते म्हणाले. "एवढी चाकं बसवली, पण माहीत नाही. तिथे आजारी पडलीस तर काय करशील, तेवढंच डोक्यात येतं."

"बाबा, मी रुग्णालयातच असेन."

हा मुद्दा काकांच्या ध्यानात आलेला नव्हता. त्यांनी थोडा वेळ त्यावर विचार केला आणि त्यात खोट काढता येत नाही असे पाहून ते उठले. "मग मी निघतो," ते म्हणाले. "तू लिही."

दाराबाहेर आपल्या चपला शोधताना त्यांना आतून तिचा आवाज ऐकू आला. ती त्या वृद्ध गृहस्थांना सांगत होती, की ते माझे बाबा. देशांची पारख करतात.

त्यानंतर काकांनी देशांविषयी मत देणे बंद केले. याचा परिणाम त्यांना अपेक्षित होता तसा झाला नाही. बँकेतले गृहस्थ पुन्हा आले आणि त्यांनी मलेशियाविषयी विचारले, तेव्हा काका सरळ म्हणाले, "मला माहीत नाही. जो जाऊन आलाय त्याला विचारा." गृहस्थांनी घरी जाऊन पत्नीला सांगितले, की काका आता फार थोडे बोलतात, म्हणजे नक्कीच त्यांना काहीतरी मोठे कळलेले आहे. त्या वर्षीही ते कोठे गेले नाहीत. काकांनी खड्डा बुजविण्यासाठी महापालिकेच्या कार्यालयात अर्ज मात्र केला. रस्ता कोणत्या देशातील आहे असे तेथे कोणी विचारले नाही, एवढीच काय ती उणीव राहिली; बाकी सर्व विचारले.

धाकटी निघाली त्या दिवशी सकाळीच गल्लीत माणसे जमली होती. थोरली मुलांसह आली होती. चौकात गाडी उभी होती. काकांनी स्वतः शिवून, स्वतः ठोकून तयार केलेली मोठी बॅग पायरीवर ठेवलेली होती. धाकटीने दांडा वर ओढला आणि बॅग कलती केली.

"थांब," काका म्हणाले.

त्यांनी दांडा पुन्हा आत दाबला, गुडघे वाकवून बॅग मिठीत घेतली आणि ती खांद्यावर चढविली. काकूंनी "अहो, कंबर" असे म्हणेपर्यंत ते वाळूच्या ढिगाऱ्यापर्यंत पोहोचले होते.

सहलवाले वरून पाहत होते. "काका, चाकं लावायला विसरलात की काय?"

"विसरलो नाही," काका धापा टाकीत म्हणाले. "ती तिथे चालवायची आहेत. इथे नाही."

औषधवाल्यांच्या समोरच्या चिखलात त्यांची एक चप्पल रुतून बसली. बॅग खाली टेकविल्याशिवाय ती काढता येणे शक्य नव्हते, आणि बॅग खाली टेकविणे त्यांना मंजूर नव्हते. म्हणून ते एका पायाने अनवाणी तसेच पुढे चालत राहिले. मागून धाकटी आली, वाकली, दोन्ही हातांनी ती चप्पल ओढून काढली, आणि चिखलाने भरलेली ती चप्पल नव्या ओढणीजवळ धरून बाबांच्या मागोमाग चौकापर्यंत चालत गेली.